‘सगळ्यांनीच तसं केलं, मॅडम’

पत्र

तालुक्याच्या गावी एका कॉलेजात मी सीएचबीवर, म्हणजे तासाच्या मानधनावर शिकवते. प्रथम वर्ष बी.कॉम.ला बँकिंग आहे आणि मूल्यशिक्षणाचा तासही माझ्याच वाट्याला आलाय. पटावर ६४ मुलं, तासाला तीसेक हजर. पहिल्या सत्रात बँकिंगची असाइनमेंट दिली, तर ४० जणांनी एकच उत्तर उतरवून आणलं. ‘रिझर्व्ह बँकेची स्थापना १९५३ साली झाली’ ही चूकसुद्धा चाळीसही जणांची तीच. विचारलं तर ठरलेली उत्तरं: सगळ्यांनीच तसं केलं मॅडम, एसटी वेळेवर नसते, वेळच मिळाला नाही. मग मूल्यशिक्षणाच्या तासाला ‘वैयक्तिक जबाबदारी’ या विषयावर चर्चा ठेवली. मुलं फार छान बोलली. पुढच्याच आठवड्यात गटप्रकल्प आले. पाच जणांच्या एका गटात एकीने सगळं केलेलं, चौघांची नुसती नावं. मी चिडून बोलले तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही तरी कुठं सगळं वाचता?’ वर्ग हसला. विभागप्रमुख म्हणतात, ‘सगळ्यांना २० पैकी १६ देऊन मोकळ्या व्हा.’ वर्गातल्या चर्चेतून जबाबदारी खरंच शिकवता येते का? की ती घरूनच यावी लागते?

– एक प्राध्यापिका

उत्तर

मॅडम,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य त्या मागच्या बाकावरच्या मुलाचं आहे. उर्मट आहे, खरं. पण तुमच्या कॉलेजचा हिशेब त्याने बरोबर मांडलाय. स्वतः लिहिलं तरी १६, उतरवलं तरी १६, वाचलं तरी १६, न वाचलं तरी १६. अशा ठिकाणी रात्री जागून स्वतःचं स्वतः लिहिणाऱ्याला जबाबदार म्हणायचं की भाबडा, हे तुमच्या वर्गाने केव्हाच ठरवून टाकलंय. त्यानंतर तुम्ही जबाबदारीवर चर्चा ठेवलीत. मुलांनी ती परीक्षेतल्या निबंधासारखी पार पाडली आणि पुन्हा आपल्या हिशेबाला लागली.

तुम्ही कामचुकार आहात असं मला अजिबात म्हणायचं नाही. सीएचबीवाल्याला तासाचे पैसे मिळतात, गठ्ठे तपासण्याचे मिळत नाहीत. दोन-तीन वर्गांचे गठ्ठे, त्यात चाळीस वेळा तेच उत्तर, कोण वाचेल? पण मुलांना तुमच्या नेमणुकीच्या अटी माहीत नसतात. त्यांना एवढंच दिसतं की या कागदाचं पुढे काही होत नाही.

आता तुमचा प्रश्न. चर्चेतून जबाबदारी शिकवता येते. अट अशी, की चर्चेच्या शेवटी काहीतरी ठरलं पाहिजे आणि जे ठरलं त्याची झळ ठरवणाऱ्यांनाच लागली पाहिजे. तेवढं नसेल तर तास वाया गेला असं समजा. मुलांना बोलायची सवय लागली, एवढीच काय ती कमाई.

‘वैयक्तिक जबाबदारी’ हा विषयच मुळात चर्चेचा नाही. तो वक्तृत्व स्पर्धेचा आहे. आपली मुलं पाचवीपासून अशा विषयांवर बोलत आलेली असतात, कुठे टाळी पडते ते त्यांना ठाऊक असतं. मूल्यशिक्षणाच्या क्रेडिटसाठी संविधान शिकवताना अनुच्छेद ५१-क येतोच. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने आलेली १० मूलभूत कर्तव्यं, २००२ साली वाढलेलं अकरावं. मुलं सगळी धडाधड म्हणून दाखवतील. सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण हे त्यातलंच एक. म्हणताना ज्या बाकावर हात टेकलेला असेल, त्या बाकावर कर्कटकाने कोरलेली नावं असतील. त्या मुलांना ढोंगी म्हणू नका. कर्तव्याचं कलम आणि हा बाक यांची गाठ त्यांच्यासमोर कुणी कधी घालूनच दिलेली नसते.

यावर परदेशात एक मोठा प्रयोग झालेला आहे, तो तुमच्या उपयोगाचा आहे म्हणून सांगतो. लॉरेन्स कोलबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं नाव बी.एड.च्या पुस्तकात प्रत्येकाने वाचलेलं असतं. त्यांचा तो प्रसिद्ध पेच: बायको मरणाला टेकलीय, औषध परवडत नाही, नवऱ्याने ते चोरावं का? अशा पेचांवर वर्गात चर्चा घेतल्या की मुलांचा विचार करण्याचा दर्जा सुधारतो, असं कोलबर्ग आणि त्यांचे विद्यार्थी दाखवत होते. पण विचार सुधारला म्हणून वागणं सुधारतंच असं नाही, हेही दिसत होतं. औषध चोरावं की नाही यावर आपण कितीही हुशारीने बोललो तरी घरी जाताना आपल्या खिशातून काहीच जात नाही. पुढे कोलबर्ग वेगळ्या वाटेने गेले. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज इथे त्यांच्या मार्गदर्शनाखाली ‘क्लस्टर स्कूल’ नावाची एक छोटी शाळा सुरू झाली. तिथे नियम मुलं आणि शिक्षक एकत्र बसून ठरवत. मत एकाला एकच, शिक्षकालाही.

त्या शाळेत एका मुलीच्या पर्समधून ९ डॉलर चोरीला गेले. सभा बसली. ‘पर्स सांभाळता येत नाही का’ असाही सूर निघाला, जसा आपल्याकडे निघेल. पण हळूहळू बोलणं दुसरीकडे वळलं: आपल्या इथे चोरी होऊ शकते, याचा अर्थ इथे कुणाला कुणाचं काही पडलेलं नाही, मग तो दोष सगळ्यांचाच. शेवटी ठरलं की प्रत्येकाने १५ सेंट काढायचे आणि तिचे पैसे भरून द्यायचे. रक्कम चिल्लर आहे, पण ती ज्याच्या त्याच्या खिशातून गेली. तुमच्या चर्चेत हे १५ सेंट नव्हते.

आपल्या वर्गात हे कसं आणायचं? त्यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. तुमच्या वर्गातल्या किती मुलांच्या आया बचत गटात आहेत, विचारून बघा. ग्रामीण भागातला बी.कॉम.चा वर्ग आहे, हात भरपूर वर होतील. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची पंचसूत्री त्या घरांत रोजच्या बोलण्यात असते: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. शिवाय हे तुमच्या बँकिंगच्या अभ्यासक्रमात बसतं. नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासासाठीच्या बँकेने गटांना बँकांशी जोडायला १९९२ मध्ये सुरुवात केली, ते तुम्हाला शिकवायचंच असणार.

फळ्यावर प्रसंग लिहा. गटात १२ बायका, महिना २०० रुपये बचत, बँकेचं कर्ज गटाच्या नावावर. एका बाईने तीन महिने हप्ता भरलेला नाही. नवऱ्याचा अपघात झालाय, हे खरं. पण मधल्या काळात दिराच्या लग्नात ती नव्या साडीत दिसली, हेही सगळ्यांनी पाहिलंय. आज बैठक आहे, अध्यक्ष तुम्ही. काय कराल?

मी माझ्या वर्गात हा प्रसंग बऱ्याचदा घेतला. पहिली दहा मिनिटं नेहमी साडीवर जातात. मुलगे म्हणतात, साडीला पैसे आहेत मग हप्त्याला का नाहीत. मुली म्हणतात, साडी माहेरून आली असेल, तुम्हाला काय माहीत. जाऊ द्या ती दहा मिनिटं, वर्ग तापतो. मग कुणीतरी दंड सुचवतं. दंड लावला तर ती पुढच्या बैठकीला येईल का, असं कुणीतरी विचारतं. एकदा एक मुलगी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, म्हणाली, ‘सर, माझी आई सचिव आहे गटाची. ती म्हणते, पैसे नसले तरी बैठकीला ये. न सांगता गप बसलीस तर मात्र आम्ही घरी येणार.’

वर्ग गप्प झाला. त्या आईने मांडलेला नियम इतका नेमका आहे की मला पुढे त्यात भर घालावी लागली नाही. अडचण कुणालाही येते. ती आधी सांगितलीस की नाही, आणि सांगायला समोर आलीस की नाही, हे तुझ्या हातात होतं.

तासाची शेवटची पंधरा मिनिटं राखून ठेवा. फळा पुसा आणि लिहा: ‘बँकिंगची असाइनमेंट, ४० जण, १९५३.’ नावं घेऊ नका. विचारा, बचत गटाचा जो नियम आत्ता आपण मान्य केला, तो इथे लावला तर? वेळ मिळाला नाही हे मुदतीच्या आधी किती जणांनी सांगितलं होतं? मग थांबा.

थांबणं अवघड जातं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गांतली बोलणी ध्वनिमुद्रित करून तपासली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात, मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याला उठवतात, असं त्यांना आढळलं. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांबतात, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. तुम्ही पाच थांबा. तरी कुणी बोललं नाही तर प्रत्येकाला चिठ्ठीवर दोन ओळी लिहायला लावा, नाव न घालता. मग बाकावरच्या शेजाऱ्याशी बोलू द्या. मग सगळ्यांसमोर. आपल्या वर्गात मुली एका रांगेत, मुलगे दुसऱ्या, आणि पहिल्याच फटक्यात सगळ्यांदेखत बोल म्हटलं की तेच चार वक्ते उठतात. लिहिण्याची ती दोन मिनिटं चुकवू नका.

कबुलीजबाब मात्र घ्यायचा नाही. ‘कोणी कोणी कॉपी केली, उभे राहा’ हे चर्चेच्या नावाखाली करू नका. तालुक्याच्या गावात कोण कुणाच्या घरचं, कुणाच्या बापाचं काय, हे सगळ्यांना माहीत असतं, आणि उभं राहायला लावलं की नेहमीची तीच मुलं उभी राहतात. ज्याचं अक्षर चांगलं, इंग्रजी चांगलं, त्याची कॉपी ‘संदर्भ घेतला’ म्हणून खपून जाते.

शेवटच्या पाच मिनिटांत निर्णय. पुढच्या असाइनमेंटला कुणी उतरवून आणलं तर काय, उशीर झाला तर काय, आधी सांगितलं असेल तर काय. हे वर्गाने ठरवायचं. आधीच स्पष्ट करा की काय त्यांच्या हातात आहे आणि काय नाही: विद्यापीठाच्या परीक्षेची तारीख, ७५ टक्के हजेरी, यावर मतदान नाही. हातात नसलेल्या गोष्टीवर मत घेऊन नंतर ‘वरून नाही म्हणाले’ असं सांगितलंत तर तो वर्ग पुन्हा तुमच्या चर्चेला येणार नाही.

मुलं सुरुवातीला भयंकर कडक नियम करतात. ५०० रुपये दंड, वर्गाबाहेर आठवडाभर, असलं काहीतरी. स्वतःवर वेळ येणार नाही अशी प्रत्येकाची खात्री असते. तिथे तुम्ही दोनच प्रश्न विचारायचे: हे अमलात कोण आणणार, आणि तुमच्या सगळ्यात जवळच्या मित्रावर आलं तरी चालेल का? दुसऱ्या प्रश्नानंतर नियम माणसांत येतात. पैशाचा दंड मात्र ठेवू नका, त्यातून भलतेच घोटाळे होतात. नियम एक महिन्यासाठी करा, मग बसून बघा चालतोय का. वर्गाने केलेला नियम वर्गच बदलू शकतो, हे त्यांना करून बघू द्या.

आणि त्या नियमांत एक तुमच्यासाठी असू द्या. तो मागच्या बाकावरचा मुलगा इथे कामाला येईल. त्याला सांगा, तुझं म्हणणं रास्त आहे, आता माझ्यासाठी नियम तू सुचव. बहुतेक तो म्हणेल, ‘दिलेलं सगळं वाचायचं आणि दोन आठवड्यांत परत द्यायचं.’ मान्य करा. पाळता येईल एवढंच द्या म्हणजे झालं.

म्हणजे असाइनमेंट बदला. ‘रिझर्व्ह बँकेची कार्ये लिहा’ हा प्रश्न उतरवण्यासाठीच जन्माला आलाय. झेरॉक्सच्या दुकानात त्याचं उत्तर तयार मिळतं, मोबाइलवर तर आणखी झटपट, आणि आता एआय ते छान शुद्ध मराठीत लिहूनही देतं. त्याऐवजी एक पान, हाताने लिहिलेलं: तुमच्या ओळखीतला एक बचत गट किंवा भिशी कशी चालते, हप्ता थकला की काय करतात, शेवटचा वाद कशावरून झाला. नावं बदलून. रिझर्व्ह बँक १९३५ साली स्थापन झाली, हे मुलं पुढे कधीतरी शिकतीलच. ६४ पानं, पानाला तीन मिनिटं धरली तर तीन-सव्वातीन तास. रविवारची एक सकाळ जाईल. तिचे पैसे मिळणार नाहीत, हे मला माहीत आहे, म्हणून सत्राला अशी एकच असाइनमेंट द्या. पण प्रत्येक पानावर तुमच्या हातची एक तरी ओळ असली पाहिजे, नुसती टिकमार्क आणि सही नको.

गटप्रकल्पाचं जरा सविस्तर सांगावं लागेल. तिथे तुमचा राग त्या चौघांवर आहे, आणि ती पाचवी मुलगी तुम्हाला आदर्श वाटतेय. मला तसं वाटत नाही. तिला एकटीला बोलावून विचारा, चौघांना काम वाटून दिलं होतंस का? तिच्यासारख्या मुलींना मी विचारलंय. बहुतेकींचं उत्तर एकच: ‘त्यांच्या मागे लागण्यापेक्षा मीच केलं, सर.’ घरातही ती हेच करत असते. भावाला सांगत बसण्यापेक्षा त्याचं ताट तीच उचलते. कामाचा उरक तिच्यात भरपूर आहे, तिला वाटून द्यायला आणि नाही म्हणायला शिकायचंय. तुम्ही वर्गात तिचं कौतुक केलंत तर पुढच्या वेळी आणखी पाच जण तिच्या गटात घुसतील.

त्या चौघांबद्दलही नवल वाटायचं कारण नाही. रिंगलमान नावाच्या फ्रेंच शेतकी अभियंत्याने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी माणसांना दोर ओढायला लावून मोजलं होतं. माणसं वाढतील तसा प्रत्येकाचा जोर कमी होत जातो. पुढे अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट दाखवली: कुणी किती केलं हे वेगळं ओळखता येत असेल तर ही ढिलाई बरीच ओसरते. म्हणून पाचाचे गट मोडून तिघांचे करा. सुरुवातीलाच कागदावर कोण काय करणार ते तिघांनी सह्या करून द्यायचं. मध्यावर एकदा दहा मिनिटांची चर्चा: काय झालं, काय अडलं, कुणाला सांगितलं. शेवटी कुणी कुठला भाग समजावून सांगायचा ते तुम्ही चिठ्ठी काढून ठरवा. ज्याने दुसऱ्याचा भाग वाचलाच नाही तो तिथेच उघडा पडतो. एवढं केलंत तर जबाबदारी हा शब्द तुम्हाला तोंडातून काढावाही लागणार नाही.

आता एसटी. हे कारण खोटंच असतं असं धरून चालू नका. फळ्यावर तीन रकाने आखा: काय घडलं, माझ्या हातात काय होतं, दुसऱ्या कुणाच्या हातात काय होतं. गाडी रद्द झाली, हे पहिल्यात. वर्गातल्या कुणाला निरोप देता आला असता, वही मागता आली असती, हे दुसऱ्यात. तिसरा रकाना लोक गाळतात, आणि मग जबाबदारीची चर्चा म्हणजे ज्याच्या हातात सगळ्यात कमी आहे त्याच्याच पाठीत सगळी ओझी, असं होऊन बसतं. समजा कॉलेजचा पहिला तास साडेसातला आहे आणि त्या बाजूच्या गावांची पहिली गाडी पोहोचतेच पावणेआठला. मग तिसऱ्या रकान्यात वेळापत्रक करणाऱ्यांचं नाव येतं, आणि आगाराचंही. ते मुलांसमोर लिहा. पुढे विचारा, आता यावर आपण काय करणार? मुलांनी स्वतः अर्ज लिहावा, एक प्राचार्यांना, एक आगार व्यवस्थापकांना, सोबत गाडीची वेळ आणि किती मुलांना अडचण होते ते. ग्रामपंचायतीचा ठराव जोडता आला तर उत्तम. पोच घ्यायला सांगा. आपल्या मुलांना तक्रार करता येते, अर्ज करता येत नाही.

काही मुलांचं कारण मात्र वर्गात यायलाच नको. रात्री पेट्रोल पंपावर काम करणारा मुलगा, जिची बघाबघी चालू आहे अशी मुलगी, आई-बाप ऊसतोडीला गेलेत म्हणून घर आणि गुरं सांभाळणारं पोर. त्यांच्याशी तासानंतर व्हरांड्यात बोला. त्यांना सूट द्या असं मी म्हणत नाही. मुदत त्यांच्याशी बोलून ठरवा, आणि मग ती त्यांनी पाळावी. अशी मुलं ठरलेला शब्द फार क्वचित मोडतात.

घरूनच यावी लागते का, असं तुम्ही विचारलंत. थोडी येते, पण तेवढ्यावर अडून बसायचं कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे ‘कमवा व शिका’ची वाट घालून दिली, तेव्हा कोणत्या घरातून काय घेऊन आलास हे विचारलं नव्हतं. श्रम कर आणि शिक, एवढंच. आजही बऱ्याच विद्यापीठांत आणि कॉलेजांत ही योजना चालते. तुमच्याकडे असेल तर त्यातल्या एखाद्या मुलाला चर्चेत बोलतं करा. ग्रंथालयात सकाळी पुस्तकं लावायचं काम ज्याच्याकडे आहे, तो आला नाही तर दहा वाजता काय होतं, हे तो दोन वाक्यांत सांगेल. त्याच्या न येण्याने कुणाचं तरी अडतं. वर्गातल्या बाकीच्या मुलांच्या न येण्याने कुणाचंच काही अडत नाही, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. वर्गातली चार-दोन खरी कामं मुलांकडे द्या: चर्चेचं इतिवृत्त लिहिणं, गैरहजर मुलापर्यंत ठरलेलं पोहोचवणं, अर्जाचा पाठपुरावा. आलटून-पालटून. काम झालं नाही तर तुम्ही ते गुपचूप करून टाकू नका. इतिवृत्त लिहिलं गेलं नाही, तर पुढच्या वेळी काय ठरलं होतं यावर वर्ग भांडेल. भांडू द्या.

एक पेच येणार, त्याची आधीच तयारी ठेवा. नियम झाल्यावर पहिल्याच महिन्यात तो एखाद्या आवडत्या मुलीवर येऊन पडेल. पहिल्या बाकावरची, सगळ्यांना मदत करणारी, स्नेहसंमेलनात धावपळ करणारी. तिची असाइनमेंट मैत्रिणीच्या असाइनमेंटशी जुळेल आणि ती रडेल. वर्ग म्हणेल, जाऊ द्या ना मॅडम. तिथे निर्णय तुम्ही देऊ नका आणि सोडूनही देऊ नका. इतिवृत्त उघडून काय ठरलं होतं ते वाचून दाखवा आणि वर्गाला विचारा, नियम बदलायचा का? बदलायचा तर सगळ्यांसाठी, आणि पुढच्या वेळेपासून. माझ्या वर्गात अशा वेळी नियम बहुधा टिकायचा. मुलं नंतर तिच्याशी आणखी प्रेमाने वागायची आणि नियमही तसाच राहायचा.

राहता राहिले विभागप्रमुख. त्यांच्याशी तत्त्वावर वाद घालू नका. तुमची नेमणूक दर वर्षी नव्याने होते, हे ते जाणतात आणि तुम्हीही. त्यांची भीती एवढीच असते की गुण कमी पडले तर पालक येतील, मुलं प्राचार्यांच्या केबिनबाहेर बसतील. सत्र सुरू होतानाच त्यांना एक कागद द्या: असाइनमेंट काय, गुण कशाला किती, वर्गाने ठरवलेला नियम काय, खाली वर्गाच्या प्रतिनिधींच्या सह्या. मुलांच्या सह्या दिसल्या की तक्रारीची भीती निम्मी होते. गुण ११ ते १९ मध्ये पसरले तरी सरासरी कदाचित त्यांच्या १६ च्या आसपासच येईल, आणि त्यांना वर कळवायला सरासरीच लागते. त्या कागदाची एक प्रत तुमच्याकडे ठेवा, तारखेसकट. आणि हा तास शक्यतो बाजाराच्या दिवशी लावू नका. त्या दिवशी निम्मा वर्ग घरच्या कामाला जुंपलेला असतो, आणि जे ठरवायला हजर नव्हते त्यांना नियम पाळायला सांगणं कठीण जातं.